कच्च्यावरची दोरी

"कासव भिजलं! कासव भिजलं हो!"

देवळाच्या पायरीवरून कोणीतरी बोंबललं आणि आत दाटीवाटीने बसलेल्या सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. रडणारी पोरंसुद्धा. माझी मनी मांडीवर दूध पीत होती, ती तेवढी पीत राहिली. तिला काय कळतंय, तान्हा जीव. मला मात्र कळलं. लग्न होऊन आले तेव्हाच मला सांगून ठेवलं होतं, की कासव भिजलं तर पुढचं काम आपल्या घराने करायचं. मी मान हलवली होती. नव्या नवरीने काय, सगळ्यालाच मान हलवायची असते.

आमचं खारशिवली गाव खाडीच्या काठावर. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे भातशेतीचं खाजण आणि खाडीला अडवून धरणारा मातीचा बांध. हे खाजण भरतीच्या पाण्यापेक्षा खोल आहे. भरतीच्या वेळी तुम्ही शेतात उभे राहिलात तर खाडी तुमच्या डोक्याच्या वर असते, मधे फक्त तो बांध. बांधात लाकडी दारांच्या उघाड्या बसवलेल्या आहेत. ओहोटीला दारं उघडतात आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला ती बंद होतात. एरवी एवढं पुरतं. पण डोंगरावर आभाळ फाटलं, नदी फुगून खाजणात शिरली, की मग तेवढ्याशा उघाड्यांनी काय होतंय? आतलं पाणी चढत चढत गावात येतं.

त्याच्यासाठी जुन्या माणसांनी दोन गोष्टी करून ठेवल्यात. एक ते कासव. सगळ्या गावांत दगडाचं कासव देवळाच्या आत असतं, आमच्या गावदेवीचं बाहेर, पायऱ्यांवर कोरलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसले होते, म्हटलं गाव उलटं आहे बाई. दुसरी गोष्ट म्हणजे कच्चा. साऱ्या बांधाच्या पोटात दगड आहे, एका जागी मुद्दाम नुसती माती ठेवलीय. त्या जागेला म्हणायचं कच्चा. पाणी चढून कासवाच्या पाठीला लागलं, की ओहोटी धरून तो कच्चा फोडायचा. आतलं पाणी खाडीत जातं, गाव वाचतं. मग पुढच्या भरतीला त्याच वाटेने खारं पाणी आत येतं आणि त्या सालचं भात जातं. जाऊ दे. भात पुन्हा लावता येतं.

फोडायचा कोणी, तेही ठरलेलं. कच्च्यासमोर ज्याचं शेत, त्यानेच. त्याचं शेत आधी वाहून जातं ना, दुसऱ्याने हात लावला तर सात पिढ्यांचं वैर. मग शेत पुन्हा गोडं होईपर्यंत गाव त्या घराला भात घालतं. आणि फोडणाऱ्याच्या कंबरेला दोरी बांधायची. त्या दोरीचं दुसरं टोक धरायचं, ज्याचं घर गावात सगळ्यांत खाली त्याने.

कच्च्यासमोरचं शेत आमचं, मोकलांचं. सगळ्यांत खालचं घर घरतांचं. आणि मोकल-घरतांमधून विस्तव जात नव्हता.

कारण मागच्या खेपेला माझ्या नवऱ्याचा काका, हाशा, कच्चा फोडताना वाहून गेला. माझा नवरा तेव्हा शाळकरी. दोरी होती गोमा घरताच्या हातात. देवळाच्या ओट्यावरून कच्चा समोर दिसतो. अर्ध्या गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हाशा पाण्यात पडला आणि गोमाने दोरी सोडली. माझ्या सासूने, चांगुणाबाईने, पाहिलं होतं. हाशा तिचा दीर, पण तिने त्याला पोरासारखा वाढवला होता. हाशा मिळालाच नाही. तेव्हापासून मोकलांच्या लग्नाचं आवतण घरतांना नाही, घरतांच्या मयताला मोकल नाही. आणि गोमा म्हातारा दोन्ही मुठी आवळून गावातून फिरायचा. जेवताना म्हणे चमच्याने खायचा. लोक त्याला पाठीमागून टोमणा मारायचे, "आता कशाला मूठ आवळतो रे? तवा आवळायची होती."

त्या दिवशीही तो देवळाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता, तशाच मुठी आवळून. त्याचा मुलगा पर्शा दारात उभा राहून पाणी बघत होता. आणि आमच्या घरातलं कोण होतं? नवरा मुंबईला गोदीत, रस्ता पाण्याखाली. सासूबाई. मी. मनी. आणि माझे सासरे आंबोमामा, ज्यांना पावसाळा लागला की दमा झोपू देत नसे.

मामा उठले. खांबाला टेकवलेली कुदळ घेतली. दोन पावलं टाकली न टाकली तोच असा खोकला लागला की डोळे पांढरे झाले. त्यांना धरून खाली बसवलं. कुदळ माझ्या पायाशी पडली.

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. बोलायचं कशाला?

"मी जाते," मी म्हटलं.

शूरवीर वगैरे काही नव्हते मी, आधीच सांगते. आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. पण माझा बाप मिठागरात राबणारा. चिखल, कुदळ, बांध हे मी चालायला लागल्यापासून बघत आले. आणि पाणी तर समोर दिसत होतं. मनीचा पाळणा टांगला होता ते आमचं घर खिडकीपर्यंत बुडालं होतं. देवळाच्या पलीकडे उंच जागाच नाही. कासवाच्या वर मोजक्या पायऱ्या, मग आम्ही.

"तू नाय जायचं!" सासूबाई कडाडल्या. "पोर अंगावर पिते तुझी. आनि दोरी कोनाच्या हातात? याच्या? याच्या बापाने माझा दीर सोडला, आता हा माझी सून सोडेल!"

पर्शाने मान वर केली नाही. तो मामांना म्हणाला, "आंबोकाका, भरती फिरली. आत्ता निघालो तर निघालो. पुढची भरती अंधारात येल, तवर पानी गेलं नाय तर देवीच्या गळ्याला लागेल."

"दुसऱ्या कोनाला तरी दोरी द्या!" सासूबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "हाय का कोन बापये गावात?"

"दोरी त्याचीच," मामा धापा टाकत म्हणाले. "ज्याचं घर आधी बुडतं, त्याच्याच हातात दोरी. जुन्यांनी उगाच नाय ठेवलं."

"जुन्यांनी ठेवलं नि माझा हाशा गेला!"

मामांनी पडलेली कुदळ माझ्याकडे सरकवली. त्यांनी मला जवळ बोलावलं. मनी पिऊन झोपली होती, तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिचं तोंड अजून चाळवत होतं. ते बघून माझं काळीज असं तुटलं म्हणून सांगू! वाटलं, नको जायला. बुडायचं ते सगळी मिळून बुडू.

मामांनी स्वतःच्या हाताने माझ्या कंबरेला दोरी बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली. बोलताना त्यांच्या छातीत पिपाणी वाजत होती.

"नीट ऐक, पोरी. कच्च्याच्या एका अंगाला तिवरांची झाडं हायत, दुसरं अंग मोकळं. तिवराची मुळं माती धरून ठेवतात. तुझे पाय तिवराकडे पायजेत. मोकळ्या अंगाकडे चुकून पन जायचं नाय. तिकडचाच बांध आधी ढासळतो. समजलं?"

"समजलं."

"बांधाच्या बाहेरून, खाडीच्या अंगाला दगडांवर शिंपल्यांची कालवं हायत. ती दिसल्याबिगर कुदळ मारायची नाय. कालवं उघडी पडली म्हनजे खाडी आपल्यापेक्षा खाली गेली. त्याच्या आधी फोडलंस तर खाडी आत येल, मग आपला खेळ खलास. आनि फोडताना खाडीकडून आत यायचं. शेताकडचा शेवटचा तुकडा शेवटी. बोटभर वाट दे फक्त. पुढचं पानी करेल. पानी लागलं की मागे पळ. कुदळ राहिली तर राहू दे. कुदळीसाठी वाकायचं नाय."

"हाशाकाका कुदळीसाठी वाकले होते?"

मामांनी मनीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

पायऱ्या उतरले तेव्हा कासव दिसतच नव्हतं. पाण्यात पायाला लागलं ते. मी वाकून त्याला हात लावला आणि कपाळाला लावला.

देवळापासून कच्च्यापर्यंत शेतातून एक बारका बांध जातो. तो पाण्याखाली होता. पर्शा पुढे, बांबूने चाचपत, मी मागे, कुदळ खांद्यावर. आमच्यामधे दोरी. पाणी मांड्यांना लागत होतं आणि ओढत होतं. एका बाभळीच्या फांदीवर साप लोंबत होते, एकमेकांत गुंतून. आमच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनाही आमच्याइतकीच भीती वाटत असावी. मी एकसारखी देवीचं नाव घेत होते आणि मधेच विसरत होते.

पर्शाने अंगावर प्लास्टिकची खोळ घेतली होती, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. तोंड दिसत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, मी त्याच्याशी नाही. विहिरीवर त्याची बायको आली की मी घागर उचलून बाजूला व्हायची. आणि आता माझा जीव त्याच्या हातात. काय म्हणावं या रिवाजाला!

बांधावर चढलो. चढलो म्हणजे, हातापायांनी सरपटत. वर दोन माणसं कशीबशी एकमेकांना ओलांडतील एवढीच रुंदी. एका बाजूला आमचं शेत, म्हणजे नुसतं गढूळ पाणी, बांधाच्या काठोकाठ. दुसऱ्या बाजूला खाडी. तीही जवळजवळ तेवढीच वर. दोन पाण्यांच्या मधे आम्ही, आणि पायाखालची माती थरथरत होती. खोटं नाही सांगत, थरथरत होती. गाडी येताना पूल हलतो ना, तशी.

तिवराची झाडं वाऱ्याने आडवी होत होती. त्यांतलं एक चांगलं जाडजूड. मी म्हटलं, "दोरी त्या झाडाला बांधा."

आमच्यातलं ते पहिलं बोलणं.

"झाडाला नाय बांधायची," पर्शा म्हणाला.

"का? झाड सोडून जात नाय."

मला लागेल असं बोलायचं होतं, आणि त्याला लागलं.

"झाडाला बांधलेली दोरी मानसाला पान्याखाली दाबून धरते, वयनी. वढीत दोरी ताठ झाली की मानूस खालीच जातो. दोरीला हातच लागतो."

मनात म्हटलं, वा रे वा. हातच लागतो. तुझ्या बापाचा लागला होता तसा. पण वाद घालायला वेळ नव्हता आणि मला ओरडायलाही भीती वाटत होती, आवाजाने बांध फुटेल असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं.

तो तिवराच्या बुंध्यापाशी चिखलात बसला, पाय मुळांत रुतवून. खोळीच्या आत त्याची काहीतरी खुडबूड चालली होती. दोरीचं वेटोळं त्याने समोर ठेवलं. मी तिकडे पाठ केली आणि बांधाच्या कडेला पोटावर पडून खाडीत बघायला लागले. कालवं दिसेनात. गढूळ पाणी दगडांवर आपटत होतं, मागे जात होतं, पुन्हा आपटत होतं. मागे वळून बघितलं तर शेताचं पाणी बांधावरून बोट बोट सांडायला लागलेलं.

"मारू का?" मी विचारलं.

"कालवं?"

"नाय दिसत."

"मग नाय."

"बांधच जाईल आता अख्खा!"

"कालवं दिसू दे, वयनी."

देवळाकडे बघितलं. ओट्यावर माणसांचा गठ्ठा दिसत होता, त्यात सासूबाईंचं हिरवं लुगडं. माझी पोर कुठे आहे ते दिसत नव्हतं. रडू आलं. रडत रडतच मी खाली बघितलं आणि पाणी मागे गेलं तेव्हा दगडावर काहीतरी पांढुरकं, खडबडीत चमकलं. पुन्हा झाकलं. पुन्हा चमकलं, आणि या खेपेला उघडंच राहिलं.

"दिसली!"

"मार!"

मी कुदळ घातली. मिठागरात बाप सांगायचा, चिखलाशी भांडायचं नाही, त्याला सोलायचं. तशी सोलत गेले. खाडीच्या अंगाकडून आत, आत. पाय तिवराकडे. श्वास संपला, हात भरून आले, थांबले नाही. शेताकडचा शेवटचा तुकडा उरला, पावभाजीच्या पावाएवढा. त्याच्यावर कुदळ मारली आणि पाणी त्या फटीत शिरलं. आधी बोटभर. मग हातभर. मग त्याला आवाज फुटला.

पळायला मी वळले, आणि वळले तोच माती पायाखालून गेली. तिवराकडचीच. मामांनी सांगितलं होतं तशीच उभी होते मी, पण खेकड्यांनी आतून कुठवर पोखरलंय ते कोणाला माहीत! आधार म्हणून हात टाकला तो हवेत. मी पाठीवर पडले आणि पाण्याने मला बांधाच्या बाहेर खाडीत फेकून दिलं.

काय सांगू तुम्हाला. आजही आंघोळीला डोक्यावर तांब्या घेतला की क्षणभर काळीज थांबतं. नाकातोंडात चिखल. वर कुठे, खाली कुठे, काही नाही. मग कंबरेला हिसका बसला. दोरी ताठ झाली. मी वाचले असं वाटलं, आणि तेवढ्यात कळलं की दोरी मला वर ओढतच नाहीये, खाली दाबतेय. वरून सगळं शेत माझ्या अंगावर येत होतं आणि दोरी मला त्याच्याखाली धरून ठेवत होती. तोंड उघडायचं नाही म्हणत असतानाच उघडलं, पाणी आत गेलं.

आणि दोरी सैल झाली.

एकदम. कंबरेवरचा ताण गेला. सोडली, मला वाटलं. सोडली मेल्याने. बापासारखीच सोडली. मला मनीचं चाळवणारं तोंड दिसलं आणि मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. घरताच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या, त्याही आठवतात.

शिव्या देता देता माझं डोकं पाण्याबाहेर आलं.

मी हवा ओढली. ओढ मला खाली नेत होती, पण आता मी वर होते, तरंगत. आणि मग दोरी पुन्हा हळूच ताणली गेली. पुन्हा सैल. पुन्हा ताण. गळाला लागलेला मासा खेळवतात तसं कोणीतरी मला आडवं खेळवत काठाकडे आणत होतं. ताठ झाली की मी बुडायची, सैल झाली की वर यायची, आणि दर खेपेला काठ थोडा जवळ. पायाला तिवराची टोकदार मुळं बोचली. इतकं सुख मला कशाने झालं नाही. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि आडवी पडून ओकत राहिले.

पर्शा दिसला तेव्हा आधी ओळखू आला नाही. खोळ फाटून कुठे गेली होती. तो बुंध्यापाशी नव्हताच. बांधाच्या पार कडेवर, दोरीने चिखलातून ओढत आणलेला, एका मुळाला पायाने विळखा घालून पालथा पडला होता. हातांत दोरी होती. पण दोरी हातांपाशी संपत नव्हती. ती त्याच्या कंबरेला बांधलेली होती, आणि सदरा वर गेला होता तिथली कातडी सोलून लाल झाली होती.

मी नुसतं बोट केलं.

"हात सुटले असते तर," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "हात सुटले तरी मी सुटायला नको, म्हनून."

"तुमी पन गेला असतात!"

"गेलो असतो. घरी येन्यापेक्षा बरं. बाप आला होता घरी."

हल्ली आमच्याकडे दोन्ही टोकं कंबरेलाच बांधतात, आणि धरणारा एकटा नसतो. मागे माणसांची साखळी असते. उधाणं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत, खाडी दर सालाला वर सरकते, बांध वाढवून वाढवून थकलो. मधल्या काळात कासव पुन्हा भिजलंय. माणूस मात्र त्यानंतर एकही गेला नाही. पण तो शहाणपणा मागाहूनचा.

परत कसे आलो ते धड आठवत नाही. मागे बांधाचा तो भाग गडगडत जात होता, आमचं शेत त्याच्याबरोबर. बारक्या बांधावर पाणी मांड्यांवरून गुडघ्यांपर्यंत उतरलं होतं एवढं कळलं. पर्शा मला धरून चालवत होता की मी त्याला, सांगता येणार नाही. कंबरेची दोरी आम्ही सोडलीच नव्हती.

सासूबाई पायऱ्या उतरून पाण्यात आल्या. मला वाटलं, मिठी मारतील. त्यांनी मला ओलांडून पर्शाची मानगूट धरली.

"मी पाह्यलं! याने पन सोडली! डोळ्यांनी पाह्यलं मी, दोरी सैल झाली! बापासारखाच हरामखोर—"

"आत्याबाई, मी जिती हाय ना!"

"तुझं नशीब म्हनून जिती! याने सोडलीच होती!"

"सोडली नव्हती," मी ओरडले. सासूवर आवाज चढवला तो आयुष्यात पहिल्यांदा. "ढील दिली होती. ताठ दोरीने मी खाली जात होते. ढील दिली म्हनून वर आले. सोडलेली आनि ढील दिलेली इथून सारखीच दिसते. पान्यातल्यालाच कळते ती."

त्या थांबल्या. हात पर्शाच्या मानेवर तसाच. माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मग त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरताना मला दिसलं. मी काय बोलून गेले होते ते माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

"मग हाशाची?" त्यांनी विचारलं. अगदी हळू.

पर्शा म्हणाला, "हाशाकाकाला पन ढीलच दिली होती, काकी. तो वर आला होता. पुन्हा वढायला गेला बाप, पन वढ मोठी नि दोरी नुसती हातांत. ती गेली हातांतून."

"सांगितलं का नाय कोनी?"

"सांगितलं होतं त्याने. तुमच्या ओट्यावर येऊन सांगितलं. तुमी दार लावलं."

सासूबाई वर गेल्या, माणसांमधून वाट काढत कोपऱ्यात, गोमा म्हाताऱ्यासमोर जाऊन बसल्या. त्यांच्या लुगड्याचं पाणी गळून फरशीवर थारोळं झालं.

"मूठ उघड," त्या म्हणाल्या.

गोमाने मान हलवली.

त्यांनी त्याचा हात धरला आणि एक एक बोट सोडवायला लागल्या. बोटं उघडता उघडेनात. म्हातारा कण्हला, पण हात मागे घेतला नाही. कसाबसा तळवा उघडला, आणि मी ओणवून बघितलं. त्या तळव्यावर रेषा नव्हत्या. आयुष्याची नाही, नशिबाची नाही, एकही नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नुसता गुळगुळीत, तुकतुकीत पट्टा, आणि कातडी आखडून बोटं आत ओढलेली. तो मूठ आवळत नव्हता. त्याला ती उघडता येत नव्हती.

सासूबाई किती वेळ तो हात धरून बसल्या कोण जाणे. रडल्या नाहीत. मग उठल्या, मामांच्या मांडीवरून मनीला उचललं आणि गोमासमोर आणलं.

"धर."

"नको गं चांगुना." पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला मी. "पडेल. हातांना जोर नाय माझ्या."

"जोर नको लावू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मनीला त्याच्या वाकड्या हातांवर ठेवलं आणि खालून आपले दोन्ही हात लावले. "मी धरलंय."

बाहेर पाणी पायऱ्या उतरत होतं. कासवाची पाठ उघडी पडली असणार, पण ती बघायला त्या वेळी कोणी उठलं नाही.